कप्तानाचा उजवा हात

टकटकची नोकरी गेली त्या संध्याकाळी तिनं घरी येऊन नेहमीसारखा चहा टाकला, सासूबाईंच्या हातात कप दिला आणि एका दमात सांगून टाकलं, "माझी नोकरी गेली. उद्यापासून मी कादंबरी लिहिणार."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "पहिलं कळलं," त्या म्हणाल्या. "दुसरं पुन्हा सांग."

टकटक हे नाव नवऱ्यानं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी, तिच्या टाईप करण्यावरून ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की सासूबाई फक्त रागावल्या की तिला सूनबाई म्हणायच्या. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक बिनखिडकीची खोली होती, तिथं तिचं अर्धं आयुष्य गेलं. वरच्या मजल्यांवर डॉक्टर रोगी तपासत आणि काय सापडलं ते यंत्रात बोलून ठेवत. टकटकनं कानांवर हेडफोन चढवायचे, पायाखालचं पेडल दाबलं की आवाज पुढे जायचा, सोडलं की थांबायचा, आणि ऐकलं तसं टाईप करायचं. डॉक्टर मध्येच खोकला तर खोकला वगळायचा, बाकी पदरचा एक शब्द घालायचा नाही. अहवालाचा क्रम ठरलेला असे. आधी तक्रार, मग तपासणी, शेवटी निदान. ती बहुतेक वर्षं मेंदू आणि नसांच्या विभागाला होती, आणि तिची बोटं इतकी तयार झाली होती की कुणी विचारलं तर आत्ता काय टाईप केलंस हे तिला सांगता आलं नसतं.

मग एक दिवस यंत्रच ऐकायला आणि यंत्रच लिहायला लागलं. "पण ते चुकतं की हो," टकटक म्हणाली. खोलीच्या प्रमुख बाईंनी मान हलवली. "चुकतं गं, पण पटकन चुकतं," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्या हातात निरोपाची एकेक कुंडी देऊन खोलीला कुलूप लावलं.

कादंबरीचं खूळ मात्र आजचं नव्हतं. अहवाल नेहमी निदानापाशी संपायचा. पुढे त्या माणसाचं काय झालं, बायकोनं त्याला सांभाळलं का, पोरानं तोंड फिरवलं का, हे कुणी तिच्या कानात सांगत नसे. घरी परतताना ती मनातल्या मनात त्या माणसांना पुढचं आयुष्य देत असे. एकदा वेळ मिळाला की सगळं लिहून काढीन असं म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि आता वेळ असा मिळाला की तो कुठे ठेवावा हे कळेना.

नवरा शाळेची बस चालवायचा. पोरं त्याला बसकाका म्हणत. बातमी ऐकून त्यानं बूट काढले, मोजे झटकले आणि तोंड अगदी कोरं ठेवून विचारलं, "कादंबरीत मी आहे का?"

"तुम्हाला घेतलं तर विकली जाईल का?"

"मिशी दे मला. मिशी असली की खपते."

तो हसला की नाही ते तिला समजलं नाही. हल्ली त्याचा विनोद तोंडावर उमटायचाच नाही, आणि त्यामुळे तो जास्तच हसवायचा. एका पगारावर घर कसं चालणार हे त्या रात्री तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

पहिले काही दिवस टकटकची बोटं हलायला तयार नव्हती. पडदा पांढराशुभ्र, आणि टेबलाखाली तिचा पाय सारखा पेडल शोधायचा. कानात कुणी बोलल्याशिवाय लिहायचं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं आपल्यापुरती युक्ती काढली. दुपारी सासूबाई पडल्या की स्वयंपाकघरात येरझारा घालत ती गोष्ट मोबाईलमध्ये बोलून ठेवायची, मग हेडफोन चढवायची आणि आपलाच आवाज ऐकून टाईप करायची. तिचीच ती नोकर झाली. पण पानं पडायला लागली.

गोष्ट एका बोटीच्या कप्तानाची होती. रुंद नदी, रोजच्या फेऱ्या, व्यापारी, नवी लग्नं झालेली जोडपी, कुणी पळून चाललेलं. कप्तान कसा असावा हे काही केल्या तिला डोळ्यांसमोर येईना, म्हणून तिनं घरातला फुकटचा नमुना उचलला. इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच बघायला लागली. सकाळी तो डबा घेऊन निघाला की ती खिडकीत उभी राहून त्याची चाल बघे, कसा वळतो, कसा थांबतो. संध्याकाळी तो विचारी, "काय म्हणतोय आमचा कप्तान?" आणि मग मुद्दाम छाती काढून घरभर चालून दाखवी.

एका दुपारी ती कप्तान घरून धक्क्यावर जातो तो प्रसंग टाईप करत होती. कानात तिचा आवाज शांतपणे सांगत होता. कप्तान रस्त्यानं चालला की डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटून राहतो. वळायचं झालं तर तो एका झटक्यात वळत नाही, चार छोटी पावलं टाकून वळतो. वहीत सही करतो ती हल्ली मुंगीएवढी. चुलीवर दूध करपलं, सगळी आळी नाक धरून बसली, तरी हा शेजारी बसून पेपर वाचतोय. बोलतो ते तोंडातल्या तोंडात. झोपेत हातपाय झाडतो, एकदा बायकोच्या कानशिलात बसली. बायको म्हणते, माझा कप्तान झोपेतसुद्धा वादळाशी भांडतो.

आवाज थांबला. टकटकनं सवयीनं पाय उचलला आणि पडद्याकडे बघितलं. शेवटच्या वाक्याखाली आणखी एक ओळ होती.

निदान: कंपवात (पार्किन्सन), सुरुवातीची अवस्था.

ही ओळ ती बोललीच नव्हती. तिनं मोबाईलमधलं बोलणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. आवाज वादळापाशी थांबत होता. पुढची ओळ बोटांनी आपली आपण टाईप केली होती. तपासणीतलं एकेक वाक्य तिच्या कानांतून बोटांत गेलं होतं, आणि अशा वाक्यांच्या पाठोपाठ काय येतं हे बोटांना वर्षानुवर्षं पाठ होतं.

तिनं ती ओळ पुसली, खुर्ची मागे सारली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मग तिनं स्वतःशी वाद घालायला सुरुवात केली. कंपवात म्हणजे कंप हवा. हात थरथरायला हवा. याचा हात कुठे थरथरतो? चहाचा कप काठोकाठ भरला तरी बशीत थेंब सांडत नाही. तिचा जीव जरा खाली पडतोय तोच तिला त्या तळघरातले आवाज आठवले. एक जाड आवाजाचे डॉक्टर, एक भराभरा बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई, कितीतरी जण हेच सांगायचे. कंप नाही. स्वल्पविराम. मात्र उजव्या बाजूच्या हालचाली मंद. हे तिनं किती वेळा टाईप केलं होतं याला गणती नव्हती.

"मी कोण टिकोजीराव लागून गेले?" ती मोठ्यानं म्हणाली. "मी टायपिस्ट. डॉक्टर नव्हे."

पण संध्याकाळी तिनं दूध मुद्दाम गॅसवर विसरलं. नवरा स्वयंपाकघरातच पेपर घेऊन बसला होता. दूध उतू गेलं, पातेलं काळं झालं, बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडत आल्या. त्यानं मान वर करून विचारलं, "काय झालं?"

त्याच आठवड्यात सासूबाईंनी कान तपासून घेतले. मुलगा बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, कान गेले, असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. टकटक त्यांच्यासोबत गेली. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाले, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत." सासूबाई खूश झाल्या. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्यांनी हे सांगितलं. टकटकला मात्र रस्ताभर त्यांचा हात धरून चालणं जड गेलं. कान ठीक होते, म्हणजे नवऱ्याचा आवाजच बारीक झाला होता.

आता सांगायचं तर कसं? तो रोज सकाळी बसभर पोरं घेऊन निघतो. ब्रेक उजव्या पायाखाली असतो. हे शाळेला कळलं तर त्याच दिवशी बस जाईल, परवाना जाईल, आणि घरात येणारा एकुलता एक पगार जाईल. नाही कळलं तर? पुढचं ती मनातसुद्धा पूर्ण करत नसे. तिला सकाळची भीती वाटायला लागली. तो डबा उचलायचा, जिना उतरायचा, आणि शाळा सुटेपर्यंत ती घड्याळाकडे बघत राहायची. रस्त्यावर कुठे कर्कश हॉर्न वाजला की हातातलं भांडं सुटायचं. संध्याकाळी त्याची पावलं जिन्यावर वाजली की जीव भांड्यात पडायचा, आणि पावलं ऐकता ऐकता कळायचं की उजवं पाऊल जरा घासतंय.

एके दिवशी ती म्हणाली, "मला कादंबरीत फेरीचा प्रसंग लिहायचाय. तुमच्या बसमध्ये बसून बघू का?"

"ये की. पण पोरं गाणी म्हणायला लावतील हं."

ती त्याच्या मागच्याच सीटवर बसली. बसमधल्या मदतनीस बाईंनी तिला जागा करून दिली, पोरांनी खिडक्यांसाठी भांडणं केली. तिनं ना रस्ता बघितला ना पोरं. ती फक्त त्याचा उजवा बूट बघत होती. बूट छान चालला होता. थांबे, वळणं, सिग्नल, सगळं जिथल्या तिथे. आपण उगाच घाबरलो असं तिला वाटायला लागलं, आणि एवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई उभ्या टेम्पोच्या आडून रस्त्यात आली.

बूट हलला नाही.

क्षणभरच. त्यानं बाईला बघितलं होतं, मान पुढे गेली होती, पण पाय मात्र निरोप न मिळाल्यासारखा जागीच होता. मग एकदम करकचून ब्रेक लागला. दप्तरं धडाधड पडली. बाईनं एका हातानं पिशव्या छातीशी धरून दुसरा उगारला, शिव्या दिल्या आणि निघून गेली. आणि बसमधली सगळी पोरं आनंदानं किंचाळली, "परत! काका, परत!"

"हे बूट जड झालेत," तो आरशात तिच्याकडे बघत म्हणाला. "नवे घ्यायला हवेत."

त्या दिवशी ती बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती बोलली नाही. तिला दुसऱ्याचं ऐकून लिहिण्याची सवय, आपलं काही सांगायची नाही. त्यात सुट्ट्या लागत होत्या, तेवढे दिवस तरी बस बंद राहील, मग बघू, असं तिनं मनाला समजावलं. सुट्ट्या लागल्या, सुट्ट्या संपल्या.

या काळात तिनं काय केलं म्हणाल, तर कप्तानाला बरं केलं. पानं नव्यानं टाईप करायला घेतली. कप्तानाचा उजवा हात डाव्यापेक्षा जोरात झुलायला लागला. तो टाचेवर गर्रकन वळू लागला. त्याची सही पानभर पसरली. धुराचा वास त्याला पैलतीरावरून यायचा, आणि तो असा गरजायचा की नदीकाठचे पक्षी उडत. वाचून तिचं तिलाच हसू यावं इतका तो ठणठणीत झाला होता. हसू आलं नाही. ती टाईप करत असताना घरातला कप्तान शर्टाचं बटण लावायला सकाळी अर्धा चहा गार होईपर्यंत वेळ घ्यायला लागला होता.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका शनिवारी बसच्या मदतनीस बाई बाजारात भेटल्या. हसत हसतच सांगत होत्या, "काकांनी काल फाटकाला आरसा ठोकला बघा. डाव्या बाजूचा पार गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! बरं झालं, मी कडेवर घेऊन उतरवते ती छोटी आधीच आत गेली होती, नाहीतर फाटकापाशीच उभी असते रोज."

टकटकनं भाजी घेतली नाही. घरी येऊन ती खुर्चीवर बसून राहिली. आरशाबद्दल नवरा घरी एक अक्षर बोलला नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं झाली. सासूबाई आत पडल्या होत्या. तो म्हणाला, "आता तरी वाचायला देशील का? लोकांना मिशीबद्दल काय सांगू?"

कपाटात छापून काढलेल्या पानांचे दोन गठ्ठे होते. बरा झालेला कप्तान वर होता. तिनं तो बाजूला केला आणि खालचा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो चष्मा लावून वाचायला बसला आणि ती समोर बसून राहिली. पान उलटायला त्याला वेळ लागत होता. अंगठा आणि बोट यांच्यात कागद सुटा होत नव्हता. तिनं मदत केली नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं पानं खाली ठेवली. "चांगलं लिहितेस गं," तो म्हणाला. "खरंच चांगलं लिहितेस. पण एक चूक केलीस."

"कुठली?"

"अशा माणसाच्या हातात बोट कोण देईल? एक हात हलत नाही, वळताना धडपडतो, जळाल्याचा वास येत नाही. मी तर याच्या बोटीत आईला बसवणार नाही. वाचणाऱ्याला पटायचं नाही ते."

ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पुन्हा पानांकडे. हळूहळू तो मागे गेला, सहीच्या पानापर्यंत, आणि तिथे थांबला. उजवा हात त्यानं टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला.

"त्याला माहीत असतं का?" त्यानं विचारलं.

"नीटसं नाही. तो बुटांना दोष देतो."

"आणि बायकोला?"

"तिला माहीत असतं."

"कधीपासून?"

"सुट्ट्यांच्या आधीपासून."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. त्या आवाजात त्याचा आवाज बुडाला, म्हणून त्याला पुन्हा बोलावं लागलं.

"आणि तरी ती त्याला रोज सकाळी डबा भरून देते. बोटीवर पाठवते."

"हो."

"बोटीत पोरं असतात."

कादंबरीतल्या बोटीत एकही मूल नव्हतं. व्यापारी होते, जोडपी होती, मूल एकही नव्हतं.

"असतात," टकटक म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "घरात दुसरा पगार नाही हो. मला वाटलं, माझं चुकत असेल. मी कुठली डॉक्टर. मी फार घाबरले होते."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, कोरा, आणि त्या चेहऱ्यामागे काय चाललंय हे तिला आता कधीच सहज कळणार नव्हतं.

"मला त्या कप्तानाची नाही भीती वाटली," तो म्हणाला. "त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. मला तिची वाटली."

मग त्यानं मोबाईल ओढला. शाळेच्या बसगाड्या बघणाऱ्या साहेबांचा नंबर लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावे लागले. "साहेब, उद्या दुसरा ड्रायव्हर बघा," तो म्हणाला. "नाही, उद्यापुरता नाही. तब्येत. अहो, तब्येत म्हणतोय." साहेबांना ऐकू जात नव्हतं. त्यानं जोर लावला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तरी आवाज वर येईना. शेवटी त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

तिनं घेतला. कंपवात हा शब्द तिनं अगणित वेळा टाईप केला होता, तोंडानं कधी उच्चारला नव्हता. आता उच्चारला. डॉक्टरांकडे अजून गेलो नाही, उद्याच जातोय, पण बस त्याच्या हातात नको, हेही तिनं सांगितलं.

साहेबांनी अगदी हळू विचारलं, "वहिनी, हे तुम्हाला कळलं कधी?"

नवरा समोर बसून तिच्याकडे बघत होता. आज सकाळी, असं म्हणणं सोपं होतं. साहेबांना खरं वाटलं असतं आणि कुणी पुढे काही विचारलंही नसतं.

"सुट्ट्यांच्या आधी," तिनं खरं ते सांगितलं.